आत्ता गाडी कोण चालवतंय?

जर्मनीतल्या ऑटोबानवर सकाळच्या कोंडीत गाड्या एकमेकींना खेटून सरकायला लागल्या की मर्सिडीजच्या काही एस-क्लास गाड्यांतल्या चालकाला एक चैन करता येते. स्टिअरिंगच्या कड्यावर, अंगठे टेकतात त्याच्या जरा वर, दोन्ही बाजूंना एकेक बटण असतं. त्यावरचा पांढरा दिवा लागला की गाडी स्वतः चालायला राजी आहे असं समजायचं. बटण दाबलं की दिवा फिरोजी होतो, हात मांडीवर येतात आणि मधल्या मोठ्या स्क्रीनवर टेट्रिस उघडतं. चालकाच्या सीटवर बसून, गाडी रस्त्यावर असताना, कायद्याच्या संमतीनं टेट्रिस!

‘ड्राइव्ह पायलट’ नावाच्या या व्यवस्थेला जर्मनीच्या मोटार वाहन खात्यानं डिसेंबर २०२१ मध्ये मंजुरी दिली आणि मे २०२२ पासून ती गिऱ्हाइकांना मिळू लागली. अटी मात्र भरपूर. गाडीनं ताशी ६० किलोमीटरच्या आतच राहायचं (डिसेंबर २०२४ मध्ये ही मर्यादा ९५ वर नेली). चालकानं झोपायचं नाही, सीट सोडायची नाही, मागं वळून गप्पा मारत बसायचं नाही. कोंडी आहे तोवर खेळ. कोंडी फुटली की ठोकळे अर्ध्यावर सोडून स्टिअरिंग धरायचं.

 ‘पडदा’ म्हटलं की आधी सिनेमाचा पडदा आठवतो, मग मोबाइलचा. गाडीतला पडदा यादीत बराच खाली. पण गाड्या बनवणारे, कायदे करणारे आणि अपघातांची चौकशी करणारे गेली कित्येक वर्षं याच हातभर काचेवर डोकं लावून बसले आहेत. गाडी आपली आपण चालणार असेल, तर चालवणाऱ्यानं बघायचं काय? जाहिरातींत उत्तर तयार असतं: सिनेमा, खेळ, ऑफिसची मीटिंग. मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियातल्या लोकांना हाच प्रश्न विचारला होता. सर्वांत जास्त लोकांनी, म्हणजे शंभरातल्या ४१ जणांनी, सांगितलं की आम्ही रस्त्याकडेच बघत बसू.

सिनेमा बघायची मुभा मिळाली तरी ज्याला रस्ताच बघायचा आहे, अशा माणसाला स्क्रीनकडून काय हवं असतं, हे शोधायला लागलं की गोष्ट रंगायला लागते.

मागच्या सीटवरून

सॅन फ्रान्सिस्कोत जून २०२४ पासून वेमो या कंपनीची चालकाविना चालणारी टॅक्सी कुणालाही मागवता येते. पांढरी जॅग्वार येते, तिच्या टपावरच्या घुमटावर तुमच्या नावाची आद्याक्षरं उजळतात, फोनवरून दार उघडतं. आत स्टिअरिंग जागेवर असतं, पण त्यामागची सीट रिकामी. पट्टा लावायचा, स्क्रीनवर ‘सुरू करा’ दाबायचं आणि मग रिकाम्या सीटसमोरचं ते चाक आपोआप वळताना बघायचं. पहिल्यांदा बसणारे बहुतेक जण या क्षणी फोन काढतात.

पुण्याहून मुलाकडे राहायला आलेल्या एक काकू मात्र फोन काढायच्या फंदात पडल्या नाहीत. मागच्या सीटवर बसल्यापासून त्यांची नजर समोरच्या स्क्रीनवर. त्यावर रस्ता राखाडी, इतर गाड्या ठोकळ्यांसारख्या, माणसं बाहुल्यांसारखी आणि आपण कुठून जाणार ती वाट हिरव्या पट्ट्यानं दाखवलेली. मुलगा म्हणाला, “आई, बाहेर बघ ना, समुद्र दिसतोय.” काकू म्हणाल्या, “थांब रे, तो माणूस आलाय बघ मधे.” उभ्या केलेल्या ट्रकच्या आडून एक बाहुली रस्त्याच्या कडेला सरकत होती. गाडी मंदावली आणि पादचाऱ्याला वाट देत असल्याचं स्क्रीनवर उमटलं. दोन क्षणांनी ट्रकमागून खरोखरच एक माणूस पिशव्या घेऊन बाहेर आला. “मला दिसायच्या आधी हिला दिसला,” काकू म्हणाल्या आणि सीटला टेकून बसल्या. येतानाच्या फेरीत त्यांनी स्क्रीनकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मुलाशी भाजीच्या भावावर बोलत आल्या.

या स्क्रीनचं सगळं काम त्या दोन फेऱ्यांत आलं. टॅक्सीवाला सिग्नलला उगाच थांबला, तर आपण “काय झालं हो?” विचारतो आणि तो “पुढं खड्डा खणलाय” सांगतो. इथं विचारायला कुणी नाही, तेव्हा थांबण्याचं कारण स्क्रीननं स्वतःहून सांगावं लागतं. गाडी विनाकारण थांबली असं वाटलं की बसणाऱ्याला ती बिघडल्यासारखी वाटते. चौकात हिरवा दिवा असूनही गाडी हलत नाही, आणि स्क्रीनवर आडव्या जाणाऱ्या सायकलस्वाराची आकृती दिसते, म्हणजे शंका मिटली.

पण किती दाखवायचं? गाडीवरचे लेझर, रडार आणि कॅमेरे मिळून जे टिपतात ते सगळं स्क्रीनवर ओतलं तर बसणारा घाबरेल. प्रत्येक झाड, प्रत्येक कुत्रं, प्रत्येक कचऱ्याचा डबा. म्हणून वेमोची स्क्रीन निवडक बोलते. सुरुवातीच्या मांडणीत लेझरच्या ठिपक्यांची एक लाट अधूनमधून आसपासच्या घरांवरून फिरवून परत विरवली जायची. मला सगळं दिसतंय, एवढंच त्यातून सांगायचं होतं. शिवाय गाडी बाजूला घेण्याचं आणि मदतीसाठी माणसाशी बोलण्याचं, अशी दोन बटणं हाताशी असतात. ती फारशी दाबली जात नसतील, पण नसती तर दर चौकात आठवली असती.

स्क्रीनवर एवढी भिस्त ठेवणाऱ्यांनी एक गोष्ट विसरू नये. ऑक्टोबर २०१५ मध्ये ऑस्टिनच्या रस्त्यांवर गूगलच्या, म्हणजे आजच्या वेमोच्या, विनास्टिअरिंग गाडीत एकट्यानं बसून गेलेला पहिला प्रवासी, स्टीव्ह मॅहन, कायद्याच्या व्याख्येनुसार अंध होता. चालकाविना चालणाऱ्या गाडीची खरी गरज ज्यांना आहे, त्यांतल्या कितीतरी जणांना काच दिसतच नाही. त्यांच्यासाठी आवाजच हवा, आणि गाडी कुठं उभी आहे हे सांगायला हॉर्नही. वेमोच्या ॲपमधून तो वाजवता येतो.

दहा सेकंद

वेमोत बसणारा प्रवासीच असतो, चालक होण्याची पाळी त्याच्यावर येत नाही. खरी पंचाईत मधल्या गाड्यांत आहे. अमेरिकेतल्या मोटार इंजिनीअरांच्या संघटनेनं स्वयंचलनाच्या शून्य ते पाच अशा पायऱ्या पाडल्या आहेत. दुसऱ्या पायरीवर गाडी वेग आणि दिशा सांभाळते, पण नजर आणि जबाबदारी माणसाची. आज बाजारात मिळणाऱ्या जवळजवळ सगळ्या गाड्या इथवरच्या. तिसऱ्या पायरीवर ठरावीक परिस्थितीत गाडी खरोखर चालवते, मात्र बोलावलं की माणसानं परत यायचं. मर्सिडीजचं टेट्रिस या तिसऱ्या पायरीवरचं.

बोलावणं कसं करायचं, हे संयुक्त राष्ट्रांच्या १५७ क्रमांकाच्या नियमात लिहिलेलं आहे. जानेवारी २०२१ पासून तो लागू झाला. ठरवून करायच्या हस्तांतरात चालकाला किमान दहा सेकंद द्यायचे. बोलावणं सुरू झालं की गाडीच्या स्क्रीनवर जे काही करमणुकीचं चालू असेल ते आपोआप बंद व्हायला हवं. चालक जागा आहे ना, पट्टा बांधून सीटवर आहे ना, यावर कॅमेऱ्याची नजर. दहा सेकंदांत तो आला नाही, तर मर्सिडीज धोक्याचे दिवे लावून आपल्या लेनमध्ये थांबते, मदतीला फोन लावते आणि दारांची कुलुपं उघडते.

दहा सेकंद पुष्कळ वाटतात. ताशी ९५ च्या वेगानं तेवढ्यात गाडी २६० मीटरहून जास्त जाते. साउदम्प्टन विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, बनावट गाडीत बसवलेल्या २६ चालकांना काही गडबड नसताना कारभार परत घ्यायला सांगितलं. कुणी दोन सेकंदांच्या आत घेतला, कुणाला २५ सेकंदांहून जास्त लागले. सगळे धडधाकट, सगळे परवानाधारक.

गूगलला हे फार आधी उमगलं होतं. २०१३ च्या सुमाराला कंपनीनं हमरस्त्यावर आपोआप चालणाऱ्या गाड्या आपल्या कर्मचाऱ्यांना वापरायला दिल्या. लक्ष रस्त्यावर ठेवायचं असं बजावलेलं, गाडीत कॅमेरा आहे हेही त्यांना ठाऊक. तरी चित्रीकरणात लोक फोनशी खेळताना, मेकअप करताना दिसले. एक जण तर ताशी नव्वदच्या आसपास वेगात डुलकी काढत होता. वेमोचे तेव्हाचे प्रमुख जॉन क्राफचिक यांनी २०१७ मध्ये हे जाहीरपणे सांगितलं. त्या अनुभवानंतर कंपनीनं माणसाकडे गाडी परत सोपवण्याचा नादच सोडला. आजची वेमोची रिकामी सीट त्या डुलकीतून आलेली आहे.

मार्च २०१८ मध्ये ॲरिझोनातल्या टेंपी इथं उबरच्या चाचणीच्या स्वयंचलित गाडीनं सायकल हातात धरून रस्ता ओलांडणाऱ्या एका बाईला रात्री उडवलं. ती दगावली. गाडीच्या यंत्रणेला ती धडकेच्या ५.६ सेकंद आधी दिसली होती, पण हे नेमकं काय आहे याचा यंत्रणेचा निर्णय होत नव्हता. लक्ष ठेवायला बसवलेली कर्मचारी मोबाइलवर टीव्हीचा कार्यक्रम बघत होती, असं चौकशीत निघालं. आधी अशा गाडीत दोन माणसं असत. अपघाताच्या काही महिने आधी कंपनीनं एक कमी केलं होतं.

या सगळ्यावरून ब्रिटननं काढलेला नियम ऐकायला गमतीचा आहे. २०२२ मध्ये तिथल्या हायवे कोडमध्ये बदल झाला: गाडी खरोखर स्वतः चालत असेल तेव्हा चालकानं तिच्या अंगच्या स्क्रीनवर सिनेमा बघितला तर चालेल, तोच सिनेमा हातातल्या फोनवर बघितला तर गुन्हा. त्यामागचं कारण सरळ आहे. अंगची स्क्रीन गाडीच्या ताब्यात असते, वेळ आली की गाडी ती बंद करते. हातातल्या फोनला गाडी काही सांगू शकत नाही.

छोट्या अक्षरांची किंमत

दुसऱ्या पायरीवर चालकाचं मागणं आणखी साधं. आत्ता गाडी कोण चालवतंय, एवढंच त्याला कळायला हवं आहे. आणि तेवढंच धड कळत नाही.

अमेरिकेतल्या विमा कंपन्यांच्या महामार्ग सुरक्षा संस्थेनं २०१९ मध्ये एका महागड्या गाडीच्या डॅशबोर्डचं चित्रीकरण ऐंशी जणांना दाखवलं. पुढच्या गाडीमुळे वेग कमी झाला हे बहुतेकांना समजलं. पण लेन सांभाळणारी यंत्रणा मधेच गप्प झाली किंवा पुढची गाडी तिच्या टप्प्याबाहेर गेली, हे त्याच स्क्रीनवर बघूनही पुष्कळांना उमगलं नाही. थोडं शिकवून बसवलेल्यांचीही फार वेगळी गत नव्हती. फरक होता एका चिमुकल्या चिन्हाच्या रंगाचा. यंत्रणा चालू झाल्याचं चिन्ह सगळे बघतात, बंद झाल्याचं कुणी बघत नाही. नेमकं ते दुसरं चिन्ह जास्त मोलाचं.

टेस्लानं तर डॅशबोर्डच काढून टाकला. मॉडेल ३ मध्ये वेगाच्या आकड्यापासून सगळं एकाच मधल्या स्क्रीनवर. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेत या कंपनीच्या सुमारे २२ लाख गाड्यांवर दुरुस्तीची पाळी आली. कारण काय, तर ब्रेक आणि पार्किंगच्या इशाऱ्यांची अक्षरं कायद्यानं ठरवलेल्या ३.२ मिलिमीटरपेक्षा लहान होती. दुरुस्ती हवेतूनच पाठवली गेली, कुणाला गॅरेजमध्ये जावं लागलं नाही. त्याआधी २०२१ च्या शेवटी याच कंपनीच्या गाड्यांत चालत्या गाडीत स्क्रीनवर खेळ खेळता येतात म्हणून सरकारी चौकशी लागली होती आणि ती सोय बंद करावी लागली. अक्षरं बारीक आणि खेळ मोठे, हा क्रम कुणी ठरवला असेल हे गाडी चालवणाऱ्याला विचारायची गरज नाही.

वायपरसाठी दोनशे युरो

जर्मनीत एका टेस्लाचालकानं भर पावसात वायपरचा वेग बदलायला स्क्रीनमध्ये बोट घातलं. वायपरचा वेग मेनूच्या आत. नजर हटली, गाडी रस्ता सोडून झाडांत गेली. त्याला दोनशे युरो दंड आणि महिनाभर गाडी चालवायला बंदी झाली. कार्ल्सरूहच्या वरिष्ठ न्यायालयानं २०२० मध्ये ही शिक्षा कायम ठेवली. न्यायालयाच्या मते गाडीत बसवलेली टचस्क्रीनही हातातल्या फोनसारखंच एक यंत्र, तिच्याकडे ओझरतंच बघायची मुभा.

स्वीडनच्या ‘व्ही बिलेगारे’ या मोटार मासिकानं २०२२ मध्ये एक सोपी चाचणी घेतली. धावपट्टीवर ताशी ११० च्या वेगात रेडिओ लावणं, सीट गरम करणं अशी ठरावीक कामं करायची. २००५ सालच्या बटणांच्या व्होल्वोत ती दहा सेकंदांत उरकली, गाडी ३०६ मीटर गेली. टचस्क्रीनवाल्या एका नव्या एमजीत जवळपास ४५ सेकंद लागले. तेवढ्यात गाडी १,३७२ मीटर पुढं! युरोपात गाड्यांना सुरक्षेचे तारे देणाऱ्या ‘युरो एनकॅप’नं जानेवारी २०२६ पासून इंडिकेटर, धोक्याचे दिवे, हॉर्न, वायपर आणि संकटातली हाक या पाच गोष्टींना हाताला लागणारं बटण किंवा दांडा असेल तरच पूर्ण गुण द्यायचं ठरवलं आहे.

कारखानदारांना स्क्रीन का आवडते, हे उघड आहे. शंभर बटणं साचे पाडून, तारा जोडून बसवण्यापेक्षा एक काच स्वस्त पडते आणि पुढं नवी सोय विकता येते. बोटाला मात्र काचेवर वायपर कुठं आहे ते न बघता सापडत नाही.

पोटात ढवळलं तर?

सिनेमावाल्यांच्या बेतात आणखी एक खोडा आहे, तो पोटाचा. चालवणाऱ्याला गाडी लागत नाही, बाजूला बसून पुस्तक वाचणाऱ्याला लागते. डोळे सांगतात आपण स्थिर आहोत, कानातला तोल सांगतो आपण वळतोय. गाडी स्वतः चालवायला लागली की चालकही बाजूला बसलेला होतो. मिशिगन विद्यापीठाच्याच मायकल सिव्हाक आणि ब्रँडन शॉटल यांनी २०१५ मध्ये सहा देशांतल्या लोकांच्या उत्तरांवरून हिशेब मांडला. वाचणं, सिनेमा बघणं, मेसेज टाकणं अशी ओकारीला निमंत्रण देणारी कामं करू, असं म्हणणारे अमेरिकेत ३७ टक्के होते. सर्वांत जास्त निघाले भारतात, निम्म्याहून अधिक.

आपल्याकडे हे ऐकून कसाऱ्याचा नाहीतर आंबोलीचा घाट आठवावा. ॲपलनं २०२४ मध्ये फोनमध्ये एक सोय आणली. स्क्रीनच्या कडांना काळे ठिपके गाडीच्या वळणाबरोबर सरकतात, म्हणजे डोळ्यांना कानाची बातमी कळते. आवळा-सुपारीची जागा ते कितपत घेतील, हे घाटानं ठरवायचं.

खालापूरच्या अलीकडे

चालकाविना गाडी भारतात येऊ देणार नाही, चालकांचे रोजगार जातील, असं नितीन गडकरी यांनी डिसेंबर २०२३ मध्ये नागपुरात पुन्हा सांगितलं. स्क्रीन मात्र येऊन बसली आहे. चाकणला मर्सिडीजची ईक्यूएस २०२२ पासून जुळवली जाते. तिच्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत ५६ इंची काच. शेजारच्यासाठी सिनेमा लागतो आणि चालकाची नजर तिकडे वळली की कॅमेरा ते ओळखून चित्र मंद करतो. चाकणच्याच महिंद्राच्या एक्सईव्ही ९ई मध्ये बारा इंचांहून मोठ्या तीन स्क्रीन शेजारी शेजारी. लेन सांभाळणं, पुढच्या गाडीमागं अंतर ठेवून जाणं, आपोआप ब्रेक मारणं अशा दुसऱ्या पायरीच्या सोयी पुण्या-मुंबईच्या मध्यमवर्गी गाड्यांत नित्याच्या झाल्या आहेत. ड्रायव्हर मंडळी त्या सगळ्यांना मिळून ‘अॅडास’ म्हणतात.

खालापूरच्या अलीकडे, मुंबई-पुणे एक्स्प्रेस वेच्या फूड मॉलवर, गाड्या उभ्या करून चहा घेणाऱ्या ड्रायव्हरांत अॅडासचा विषय काढला की दोन तट पडतात. “रात्री घाट उतरल्यावर पाय आखडत नाही, अंतर तीच धरते,” असं म्हणणारा एक. दुसरा लगेच: “अहो, पट्टे पुसलेले, कंटेनरवाला इंडिकेटर न देता मधे घुसतो, हिचा ब्रेक बसतो. मागचा माझ्यावर आला म्हणजे?” स्क्रीनकडून काय हवं, या प्रश्नाला मात्र दोघांचं उत्तर जुळतं. टुंग-टुंग कमी पाहिजे. लेनचा टुंग, वेगाचा टुंग, पट्ट्याचा टुंग, सगळे सारखेच वाजतात. कुठला जिवावरचा आणि कुठला नुसता तक्रारीचा, हे आवाजावरून कळलं पाहिजे. “डोळे रस्त्यावर असतात ना, मग तिथं बघून कसं समजणार?”

करमणुकीचा मुद्दा इथंही आहेच. मार्च २०२५ मध्ये दादरहून स्वारगेटला निघालेल्या ई-शिवनेरीचा चालक स्टिअरिंगवर असताना मोबाइलवर क्रिकेटचा सामना बघत होता. प्रवाशानं त्याचं चित्रीकरण केलं, ते परिवहनमंत्र्यांपर्यंत पोचलं आणि चालकाची नोकरी गेली. त्या बसमध्ये त्याला सांभाळून घेणारी कुठलीही यंत्रणा नव्हती. उलट काही हौशी मोटारमालकांनी अॅडास लावून, स्टिअरिंग सोडून, पाय वर घेऊन केलेल्या रील्स इंटरनेटवर फिरल्या. त्या गाड्यांतली यंत्रणा दुसऱ्या पायरीची, म्हणजे काही झालं तर जबाबदार पाय वर घेणाराच.

आणि आपल्याकडची एक गोष्ट जर्मनीच्या किंवा कॅलिफोर्नियाच्या अभ्यासांत सापडत नाही. तिथं गाडी विकत घेणारा तोच चालवणारा. इथं मोठ्या गाडीचा मालक मागं बसतो आणि पगारी ड्रायव्हर पुढं. शोरूममध्ये गाडीची पूजा होते, नारळ फुटतो, मग सेल्समन मालकांना मागच्या सीटवर बसवून अर्धा तास स्क्रीन समजावून सांगतो: सीटचा मसाज, छताचे रंग, गाण्यांची यादी. ड्रायव्हर बाहेर उभा राहून सीटवरचं प्लॅस्टिक काढायचं की ठेवायचं याची वाट बघतो. अॅडास त्याला कुणी शिकवत नाही. तो यूट्यूबवर शिकतो, नाहीतर पार्किंगमधल्या दुसऱ्या ड्रायव्हरकडून. फूड मॉलवरच्या त्या दुसऱ्यानं गाडीत बसून दाखवलं: सेटिंग, मग वाहन, मग चालक साहाय्य, मग खाली सरकवून लेन. चौथ्या पानावर. बोट न चुकता गेलं, टुंग-टुंग बंद झालं. “रोज सकाळी गाडी चालू केली की परत लागतं,” तो म्हणाला. “साहेब खाली यायच्या आत उरकून घेतो.”